पद मंजूर, खुर्ची रिकामी : गोंदियापर्यंत माणूस का पोचत नाही?

२०२३ साली राज्यात तलाठ्यांची भरती निघाली. जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. म्हणजे एका खुर्चीमागे दोनशेच्या वर उमेदवार. सरकारी नोकरीसाठी महाराष्ट्रात किती झुंबड आहे, हे सांगायला एवढा एक आकडा पुरेसा आहे.

आता याच राज्याच्या पूर्व टोकाला या. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात फेरफाराच्या कामासाठी गेलेल्या शेतकऱ्याला हमखास ऐकू येणारे वाक्य असते : "साहेबांकडे दोन ठिकाणचा चार्ज आहे, परवा या." आरोग्य केंद्रात, पशुवैद्यकीय दवाखान्यात, शाळेत याच वाक्याची थोडी वेगळी रूपे ऐकू येतात. खुर्ची आहे, टेबल आहे, भिंतीवर पदनामाची पाटी आहे. माणूस तेवढा नाही.

एकीकडे नोकरीसाठी दहा लाखांची रांग आणि दुसरीकडे रिकामी खुर्ची, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात? "तिकडे कोणी जायला तयार नाही" असे सोपे उत्तर दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे सरकारी यंत्रणेच्या रोजच्या, नियमाला धरून चाललेल्या कारभारात दडलेले आहे.

गोंदियाच्या शेतकऱ्याला ते चटकन कळेल. गोठणगावजवळच्या इटियाडोह धरणात पाणी असते, कालव्यात ते सोडलेही जाते. तरी टेलवरच्या बांधीत ते पोचेल याची खात्री नसते. वाटेत कुठे अस्तर फुटलेले, कुठे गेट अर्धवट उघडलेले, कुठे वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने जास्तीचे घेतलेले. एकट्या कोणावर बोट ठेवता येत नाही, पण शेवटची बांधी कोरडी राहते. मनुष्यबळाचा कालवा मुंबईत सुरू होतो आणि गोंदिया त्याच्या टेलवर आहे. वाटेतल्या गळत्या एकेक करून पाहू.

पद म्हणजे नेमके काय?

सरकारी बोलीत 'पद' आणि 'माणूस' या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एखाद्या कार्यालयात किती आणि कोणत्या दर्जाचे कर्मचारी असावेत, याचा शासनाने मान्य केलेला आराखडा म्हणजे 'आकृतिबंध'. त्यातल्या जागा म्हणजे मंजूर पदे. त्यांपैकी ज्यांवर नेमणूक झाली ती भरलेली पदे, उरली ती रिक्त. इथपर्यंत हिशेब सरळ आहे.

पण सामान्य माणसाला चौथा आकडा हवा असतो : आज त्या जागेवर प्रत्यक्ष किती जण हजर आहेत? हा आकडा अहवालात सहसा नसतो. मंजूर आणि हजर यांच्यातले अंतर कसे पडते, हाच खरा प्रश्न आहे.

पहिली गळती : डोकी मोजली, अंतर मोजले नाही

पदे मंजूर होतात ती मुख्यतः लोकसंख्येच्या मापाने. प्राथमिक आरोग्य केंद्राचे माप पाहा. सपाट प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक केंद्र, आदिवासी व डोंगराळ भागात २० हजारांमागे एक. उपकेंद्रासाठी हेच माप अनुक्रमे पाच हजार आणि तीन हजार. आदिवासी भागाला सवलत आहे, पण मोजणीचे एकक बदललेले नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार ५०७ आणि घनता दर चौरस किलोमीटरला २५३. राज्याची घनता ३६५. जिल्ह्यातही गोंदिया-तिरोडा पट्टा दाट आहे आणि देवरी-सालेकसाकडे जंगलात विखुरलेले टोले. तिथे तीन हजार लोकसंख्या जुळवायची तर एका परिचारिकेच्या वाट्याला कित्येक टोले येतात, मध्ये नाले येतात आणि पावसाळ्यात वाटा तुटतात. कागदावर तिचा भार इतर परिचारिकांएवढाच. प्रत्यक्षात तिचा अर्धा दिवस वाटेवर जातो.

यात गोंदियाची एक खास अडचण आहे. शेजारच्या गडचिरोलीचा मोठा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या 'अनुसूचित क्षेत्रा'त येतो. १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, अशाच क्षेत्राला लागू होतो. राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने या क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका अशा संवर्गांची पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखून ठेवली. त्यावरून बिगर आदिवासी तरुणांत नाराजी पसरली, प्रकरण न्यायालयात गेले आणि भरती रखडली, हेही खरे. पण निदान 'स्थानिक माणूस' हा विचार तिथे नियमात आला.

गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्राच्या यादीत नाही. देवरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, गोंड वस्ती आहे, जंगलही तेच आहे. पण पेसाची तरतूद इथे लागू होत नाही. एकाच जंगलाच्या दोन बाजूंना नेमणुकीचे नियम वेगळे आहेत.

दुसरी गळती : जाहिरात ते नेमणूक

सरकारी कर्मचारी कधी निवृत्त होणार, हे तो रुजू होतो त्याच दिवशी ठरलेले असते. गट 'क' च्या कर्मचाऱ्यासाठी वय ५८, गट 'ड' साठी ६०. त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत कोणत्या महिन्यात कोणती खुर्ची रिकामी होईल, याची यादी आजच करता येते. तरीही जागा रिकामी झाल्यावरच तिचा विचार सुरू होतो आणि तो पुढल्या टप्प्यांतून जातो.

आधी बिंदुनामावली तपासली जाते. कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाला जाणार, याचा क्रमवार तक्ता म्हणजे बिंदुनामावली. ती मागासवर्ग कक्षाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. मग किती टक्के जागा भरायच्या, याची वित्त विभागाची मर्यादा पाहायची. मग मागणीपत्र, जाहिरात, परीक्षा, निकाल, कागदपत्रांची पडताळणी आणि शेवटी नेमणुकीचा आदेश. प्रत्येक टप्प्याला कारण आहे. आरक्षणाचा तक्ता चुकला तर खऱ्या हक्कदाराची जागा जाते, म्हणून तो तपासलाच पाहिजे. अडचण इतकीच की सगळे टप्पे एकामागोमाग येतात आणि एक अडला की पुढचे सगळे थांबतात.

ते किती थांबू शकतात? मार्च २०१९ मध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांसाठी तेरा हजारांहून अधिक जागांची जाहिरात निघाली. उमेदवारांनी शुल्क भरले. परीक्षा लांबत गेली. मग करोना आला आणि ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने आरोग्यासारखे अत्यावश्यक विभाग सोडून नव्या भरतीवर बंदी आणली. पुढे २०२१ मध्ये आरोग्य विभागाची परीक्षा झाली, तर प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघड झाले आणि ती रद्द करावी लागली. जिल्हा परिषदांची नवी जाहिरात आली ती ऑगस्ट २०२३ मध्ये, १९,४६० जागांची. मधल्या चार वर्षांत निवृत्त होणारे निवृत्त होत राहिले आणि पात्र उमेदवार वयोमर्यादा ओलांडत राहिले.

ही दिरंगाई पुण्यालाही झाली आणि गोंदियालाही. पण पुण्यात शेजारच्या टेबलावरचा माणूस काम सांभाळून घेतो. जिथे मुळात एकच टेबल आहे, तिथे कार्यालयच बंद पडते.

तिसरी गळती : आला, पण परतीच्या वाटेकडे डोळे लावून

समजा आदेश निघाला. बाहेरच्या जिल्ह्यातला उमेदवार गोंदियात रुजू झाला. स्पर्धा जिथे कमी दिसते तिथून अर्ज भरायचा, नोकरी पदरात पाडून घ्यायची आणि काही वर्षांनी आंतरजिल्हा बदलीने घरी परतायचे, हा हिशेब स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक अभ्यासिकेत मांडला जातो. त्यात बेकायदा काही नाही. आई-वडील, नोकरी करणारा जोडीदार आणि मुलांची शाळा दुसऱ्या टोकाला असलेला माणूस आणखी काय करणार?

राज्य शासनाच्या बदल्यांसाठी २००५ चा कायदा आहे. सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा, बदल्या एप्रिल-मे मध्ये, आणि मध्येच बदली करायची तर कारणे लेखी नोंदवायची, ही त्याची मुख्य सूत्रे. मर्जीनुसार होणाऱ्या बदल्यांना आळा बसावा हा हेतू होता. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी वेगळे धोरण आहे. त्यात शाळांची 'अवघड क्षेत्र' आणि 'सर्वसाधारण क्षेत्र' अशी विभागणी होते. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्या शिक्षकाला तिथून बदली मागण्याचा हक्क मिळतो.

नियम न्याय्य आहे. अवघड जागी एकाच माणसाने जन्म काढू नये. पण गावाच्या बाजूने पाहा. सालेकसा-देवरीकडच्या मुलांची घरची भाषा गोंडी, पोवारी, छत्तीसगढी किंवा हिंदी. बाहेरून आलेल्या शिक्षकाला ती कानावर पडून समजायला वर्ष-दोन वर्षे जातात. वर्गाशी सूर जुळतो तोवर बदलीचा हक्क तयार झालेला असतो.

मग टिकून राहण्यासाठी काही मोबदला आहे की नाही? आहे. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना दोन सवलती दिल्या : तिथे काम करीत असेपर्यंत एक पायरी वरची वेतनश्रेणी, जिला सगळे 'एकस्तर' म्हणतात, आणि मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता. या भत्त्याला एक टोपी घातलेली होती : किमान २०० रुपये, कमाल १,५००. २००२ च्या पगारात १,५०० रुपये जाणवत होते. त्यानंतर सहावा आणि सातवा वेतन आयोग लागू झाला, मूळ पगार कित्येक पटींनी वाढला आणि त्या कमाल मर्यादेचे मोल घसरत गेले. शिवाय पैशाने सगळे प्रश्न सुटत नाहीत. राहायला बरे क्वार्टर, मुलांना शाळा, रात्री आजारी पडले तर वाहन, या गोष्टी भत्त्यातून विकत घेता येत नाहीत.

चौथी गळती : कागदावर भरलेली खुर्ची

ही गळती सगळ्यांत कमी दिसते. नेमणूक देवरीची, पगार देवरीच्या पदावर, पण माणूस काम करतो तालुक्याच्या, जिल्ह्याच्या किंवा आणखी मोठ्या गावच्या कार्यालयात. याला प्रतिनियुक्ती म्हणतात. तोंडी आदेशावर चालले असेल तर नुसते 'डेप्युटेशन'.

वरच्या कार्यालयाची गरजही खोटी नसते. तिथेही जागा रिकाम्या असतात, बैठका आणि अहवाल रोजचे असतात, आणि खालून माणूस ओढून घेणे हा सर्वांत जलद मार्ग असतो. पण त्याचा परिणाम दुहेरी होतो. गावातला माणूस जातो आणि त्याच वेळी ते पद 'भरलेले' राहते, म्हणून तिथे नवा माणूस मागताही येत नाही. रिक्त पदांच्या अहवालात हे गाव दिसतच नाही. खरोखर रिक्त असलेल्या जागेची कधीतरी जाहिरात निघते. कागदावर भरलेल्या जागेची कधीच निघत नाही.

मग गाडा चालतो कोणाच्या जोरावर?

इतक्या गळत्यांनंतरही गोंदियात लसीकरण होते, बाळंतपणे दवाखान्यात होतात, अंगणवाडीत मुलांना आहार मिळतो. हे तीन आधारांवर चालते.

पहिला आधार अतिरिक्त कार्यभाराचा. एका अधिकाऱ्याकडे दोन-तीन ठिकाणची सही. प्रभारी माणूस तातडीचे काम उरकतो आणि अवघड निर्णय 'नियमित अधिकारी येईपर्यंत' बाजूला ठेवतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखले आणि सेवा किती दिवसांत द्यायच्या, याची मुदत घालून दिली. मुदतीचा कायदा झाला, पण सही करणारा हात वाढला नाही.

दुसरा आधार कंत्राटी कर्मचाऱ्यांचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, तंत्रज्ञ साधारण अकरा महिन्यांच्या करारावर असतात आणि करार वर्षानुवर्षे पुढे वाढत जातो. अभियान ही 'योजना' आहे, त्यामुळे तिच्यातली पदे कायम आस्थापनेत धरली जात नाहीत. उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये सांगितले की रीतसर निवड प्रक्रियेबाहेर नेमलेल्यांना नुसत्या दीर्घ सेवेवर कायम होण्याचा हक्क मिळत नाही. दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा निर्णय राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये याच कर्मचाऱ्यांना राज्यभर संपावर जावे लागले.

तिसरा आधार मानधनी बायांचा : आशा, गटप्रवर्तक, अंगणवाडी सेविका, मदतनीस. कायद्याच्या भाषेत यांना वेतन मिळत नाही, 'मानधन' किंवा 'मोबदला' मिळतो. यामागे एक जुनी कल्पना आहे. १९७५ साली अंगणवाडीची योजना आणि २००५ साली आशा योजना सुरू झाली, तेव्हा या स्त्रिया गावच्या सेवाभावी कार्यकर्त्या मानल्या गेल्या. घरचे सांभाळून दोन-चार तास गावासाठी देणाऱ्या. स्वयंसेविका ठरली की किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन हे सगळे प्रश्न निघतच नाहीत.

आशाचा हिशेब पाहिला म्हणजे ही रचना स्पष्ट होते. तिची कमाई कामागणिक तुकड्यांत बांधलेली असते. गरोदर बाईची नोंद, तपासण्या आणि दवाखान्यात बाळंतपण, हे सगळे पार पाडले की ग्रामीण भागात ६०० रुपये. नवजात बाळाच्या घरी ४२ दिवसांत ठरलेल्या सहा भेटी दिल्या की २५०. हिवतापासाठी रक्ताचा नमुना घेतला की १५ रुपये, रुग्णाचा उपचार पूर्ण करून घेतला की त्याचे वेगळे. जिथे वस्ती दाट, तिथे बाळंतपणे जास्त आणि घरे जवळ. जिथे टोले विखुरलेले, तिथे बाळंतपणे कमी आणि चालणे जास्त. म्हणजे कठीण भागातल्या आशाला कष्ट अधिक आणि पैसे कमी. नियमित कर्मचाऱ्याला दुर्गम भागात निदान नावापुरता वाढीव भत्ता आहे; इथे गणित थेट उलटे आहे.

यावर एक उतारा म्हणजे ठरावीक मासिक रक्कम. केंद्राने ती २०१८ मध्ये दोन हजार केली आणि २०२५ मध्ये साडेतीन हजार करण्याचे जाहीर केले. राज्याचा वाटा वेगळा. ऑक्टोबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मधल्या संपांनंतर राज्याने आशांच्या मोबदल्यात दरमहा पाच हजारांची वाढ केली. शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला. अंगणवाडी सेविकांनी ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संप केला. त्याआधी २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या खटल्यात अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क मान्य केला होता. आणि २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेनेच अशा योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केलेली आहे.

या तिसऱ्या आधाराचे एक वैशिष्ट्य नजरेआड होते. आशा आणि सेविका त्याच गावच्या रहिवासी असाव्या लागतात. त्यांची बदली होत नाही, प्रतिनियुक्ती होत नाही, भाषा शिकावी लागत नाही. 'गोंदियात माणूस टिकत नाही' हे विधान त्यांच्या बाबतीत साफ खोटे ठरते. ज्यांच्याकडे पद आहे ते फिरते राहतात, आणि जे गावात ठाम राहतात त्यांच्याकडे पद नाही.

संस्था : प्रयोग त्यांचा, माणूस प्रकल्पापुरता

सरकार पोचत नाही तिथे स्वयंसेवी संस्था पोचतात, असे आपण म्हणतो. पूर्व विदर्भात याचे जगाने दखल घेतलेले उदाहरण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. हे संशोधन १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये केंद्राने ती पद्धत देशभर स्वीकारली. आशाच्या त्या गृहभेटींचे मूळ इथे आहे.

दुसरे उदाहरण गोंदियातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, आणि २०१३ च्या हंगामापासून गोंदिया व गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा तेंदूपाने स्वतः विकू लागल्या. त्यांना नागपूरच्या विदर्भ निसर्ग संरक्षण संस्थेसारख्या संस्थांचे साह्य झाले. यात जंगल सांभाळण्याइतकेच कारकुनी कामही मोठे असते : निविदा काढणे, पुड्यांचा हिशेब ठेवणे, वाहतूक परवाने, बँकेचे खाते, मजुरीचे वाटप. ग्रामसभेला अधिकार मिळाले, पण हे करण्यासाठी पगारी माणूस मिळाला नाही. तो बहुधा एखाद्या संस्थेच्या प्रकल्पातून येतो आणि प्रकल्प संपला की जातो.

संस्थांचा पैसा तरी कसा येतो? परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये बदल झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला निधी देण्यावर बंदी आली. शहरातल्या मोठ्या संस्थेकडून गावातल्या लहान संस्थेकडे जाणारी वाट त्यामुळे बंद झाली. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी, म्हणजे २०१३ च्या कायद्यानुसार नफ्याच्या दोन टक्के, हा दुसरा मार्ग. पण तो कायदा कंपनीच्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. सालेकसाच्या जंगलात कारखाना नाही. जिथे उद्योग तिथे निधी, हे ओघाने येते. सरकारी कालव्याच्या टेलवर असलेली गावे या दुसऱ्या कालव्याच्याही टेलवरच राहतात.

काय केल्याने फरक पडतो?

जागतिक आरोग्य संघटनेने दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी टिकवण्याबाबत २०१० मध्ये मार्गदर्शक शिफारसी दिल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. त्यांत अग्रक्रमाने येणारी शिफारस अशी : ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्या, त्यांना त्याच भागाजवळ शिकवा. अशी मुले शिकून तिथेच काम करण्याची शक्यता अधिक असते. थायलंडने गावातली मुले निवडायची, शिकवायची आणि त्यांच्याच भागात नेमायची, ही पद्धत दीर्घकाळ राबवली आहे.

देवरीच्या नाक्यापलीकडेही बघण्यासारखे आहे. छत्तीसगडने २००२ मध्ये 'मितानिन' ही गावच्या आरोग्य कार्यकर्तीची योजना सुरू केली. पुढची देशव्यापी आशा योजना तिच्याच धर्तीवर उभी राहिली. त्याच राज्याने ग्रामीण वैद्यकीय दल स्थापून आरोग्य केंद्रांची सामान्य, कठीण आणि अतिकठीण अशी प्रतवारी केली; जेवढी जागा कठीण तेवढा भत्ता जास्त आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी जादा गुण. म्हणजे कठीण जागेचा संबंध पुढच्या प्रगतीशी जोडला.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा किंवा दहा लाख रुपये दंड, असे बंधपत्र राज्यात आहे. बंधपत्राने डॉक्टर एक वर्ष येतो, टिकत नाही. टिकवायचे तर कठीण भागाचा भत्ता मूळ पगाराच्या प्रमाणात मोकळा सोडणे, प्रतिनियुक्त्या रद्द करून त्या जागा उघडपणे रिक्त दाखवणे, निवृत्तीच्या यादीवरून दोन वर्षे आधी मागणीपत्र पाठवणे, या गोष्टी नव्या कायद्याशिवाय होऊ शकतात. आणि सगळ्यांत आधी, वर्षानुवर्षे गावात काम केलेल्या आशा, सेविका, कंत्राटी परिचारिकांना प्रशिक्षण देऊन नियमित पदावर जाण्याची शिडी हवी. टिकणारा माणूस शोधत फिरण्याची गरज नाही, तो गावातच आहे.

> चौकट : थोडक्यात
> - माप : पदे लोकसंख्येवर ठरतात, विखुरलेल्या जंगलपट्ट्यात अंतर मोजले जात नाही.
> - भरती : टप्पे एकामागोमाग असल्याने एक अडला की सगळे थांबते. जिल्हा परिषदांची २०१९ ची भरती २०२३ मध्ये नव्याने सुरू करावी लागली.
> - बदली : बाहेरून आलेला कर्मचारी परतीचा हक्क मिळेपर्यंतच थांबतो, २००२ चा प्रोत्साहन भत्ता १,५०० रुपयांच्या टोपीत अडकला.
> - प्रतिनियुक्ती : माणूस दुसरीकडे, पद कागदावर भरलेले, म्हणून नवी मागणी जात नाही.
> - भार कोणावर : प्रभारी अधिकारी, कंत्राटी कर्मचारी आणि मानधनी स्त्रिया.
> - दिशा : स्थानिक निवड, जवळ प्रशिक्षण, कठीण जागेचा खरा मोबदला, मानधनातून पदाकडे जाणारी शिडी.

तुम्ही काय विचाराल?

'किती पदे रिक्त आहेत?' हा प्रश्न अपुरा आहे, कारण त्याचे उत्तर चौथी गळती लपवते. आपल्या ग्रामसभेत, पंचायत समितीत किंवा माहिती अधिकाराच्या अर्जात चार आकडे एकत्र मागा : या केंद्रात, या शाळेत, या कार्यालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, प्रत्यक्ष हजर किती आणि प्रतिनियुक्तीवर बाहेर किती. कर्मचाऱ्यांची यादी आणि त्यांचे मासिक वेतन प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावे, असे माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते. तिथून सुरुवात करता येईल. यादी लावलेली नसेल तर अर्ज द्या. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत देणे कार्यालयावर बंधनकारक आहे.